जपानच्या खेड्यात इंग्रजी शिकवायला जाताय? आधी कागद, मग कुकर

फोनवर पहिला प्रश्न हमखास येतो, "जपानी यावी लागते का हो?" मी उलट विचारते, "शाळा कुठल्या माध्यमाची?" समोरचा गोंधळतो. त्याने जपानी पाढ्यांपासून किमोनोपर्यंत सगळं यूट्यूबवर पाहिलेलं असतं, पण हा मुद्दा कुणी सांगितलेला नसतो.

तीन वर्षं मी शिमाने प्रांतातल्या डोंगराकडच्या एका गावात चार शाळांमध्ये इंग्रजी शिकवलं. त्या अनुभवावरून सांगते, इंग्रजीची तयारी हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अडतं ते कागदांवर आणि थंडीत एकटीने घर चालवण्यावर. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने.

बारा वर्षांचा हिशेब

सरकारी शाळेत साहाय्यक भाषा शिक्षक, म्हणजे एएलटी, म्हणून जायचं तर 'इन्स्ट्रक्टर' प्रकारचा निवास दर्जा लागतो. पदवी हवीच. शिवाय परकीय भाषा शिकवणाऱ्याने त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण घेतलेलं असावं, अशी अट आहे. अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन माणसाला ही अट जाणवतही नाही. आपल्याला जाणवते. पहिलीपासून इंग्रजी माध्यम असेल तर दहावी आणि पुढची दोन वर्षं मिळून बारा भरतात. मराठी माध्यमातून दहावी, मग सायन्स, मग इंजिनिअरिंग केलं असेल तर दोन आणि चार मिळून सहाच होतात. सेमी-इंग्रजीवाल्यांनी तर दाखल्यावर माध्यम काय लिहिलंय ते आजच कपाटातून काढून बघा. दोन विषय इंग्रजीतून होते म्हणून शाळा इंग्रजी माध्यमाची ठरत नाही.

तुमचं इंग्रजी किती फर्डं आहे याचा इथे संबंध नाही. मराठी शाळेत शिकून उत्तम इंग्रजी बोलणारे किती तरी जण मला माहीत आहेत आणि हा नियम त्यांच्यावर अन्याय करतो असं माझं स्पष्ट मत आहे. पण खिडकीपलीकडच्या माणसाला मतं नको असतात, कागद हवा असतो.

तेव्हा शाळेकडून आणि कॉलेजकडून 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं' असं शिक्का-सहीचं पत्र घ्या. त्यात कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, हे लिहिलेलं असलंच पाहिजे. माझ्या शाळेच्या पत्रात माझं जन्मसाल चुकलं होतं. दुरुस्तीसाठी गेले तर मे महिना, ऑफिस बंद, क्लार्क गावी. तीन आठवडे गेले. पत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा.

वाटा दोन

पहिली वाट जेट (जपान एक्स्चेंज अँड टीचिंग) कार्यक्रमाची. जपान सरकारने हा १९८७ मध्ये सुरू केला. अर्ज दूतावासामार्फत होतो, त्याला फी नसते आणि विमानाचं तिकीटही मिळतं. म्हणजे 'जेटमध्ये लावून देतो, एवढे लाख द्या' म्हणणारा कुणी भेटला तर चहा पिऊन उठा. करार एका वर्षाचा, वाढत वाढत जास्तीत जास्त पाच वर्षं. २०२५ पासून पहिल्या वर्षाचा पगार ४० लाख २० हजार येन आहे, म्हणजे महिन्याला ३ लाख ३५ हजार. त्यातून आरोग्य विमा, पेन्शन आणि कर कापला जातो. भारतातून निवड फार थोड्यांची होते. त्या वर्षी कोणत्या पदांसाठी अर्ज मागवलेत हे दूतावासाच्या संकेतस्थळावर शरद ऋतूत, आपल्या नवरात्राच्या आगेमागे, बघत राहायचं. मुलाखती हिवाळ्यात होतात आणि जाणं जुलै-ऑगस्टमध्ये. यातच सीआयआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंधांचा समन्वयक, नावाचं दुसरं पद असतं. ते नगरपालिकेत किंवा प्रांताच्या कचेरीत बसून करायचं काम, त्याला चांगली जपानी लागते. मराठी माध्यमातून येऊन जपानी शिकलेल्यांनी या पदाकडे लक्ष ठेवावं.

दुसरी वाट खासगी कंपन्यांची. या कंपन्या शिक्षक नेमून शाळांना पुरवतात. पगार जेटपेक्षा कमी असतो आणि काही करारांत ऑगस्टसारख्या सुट्टीच्या महिन्यात आणखी कापला जातो. करार वाचताना तीन गोष्टी बघा: सुट्टीतल्या महिन्यांचा पगार, सामाजिक विमा कंपनी भरते की नाही आणि गाडी कुणाच्या खर्चाने. मुलाखतीत गोड बोलतात. कागदावर असेल तेच खरं.

गाव निवडता येत नाही. इच्छा लिहिता येते, पण 'टोकियोजवळ' लिहिणाऱ्याला पार उत्तरेकडचं बर्फाळ अकिता मिळतं आणि कुरकुर करत गेलेला तिथेच पाच वर्षं रमतो, असंही बघितलंय.

आता उच्चारांबद्दल थोडं. 'नेटिव्ह'च हवा, असा आग्रह काही ठिकाणी असतो, लपवण्यात अर्थ नाही. पण वारं बदलतंय. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले. आपण मात्र आपला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' घासून घ्यावा. आपण दोन्हींना 'व' म्हणतो आणि चाळीस मुलं तेच उचलतात.

जपानी किती शिकायची

कामाच्या करारासाठी शून्य चालते. गावात राहण्यासाठी नाही. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची किमान एन-५ ही सगळ्यात सोपी पातळी, जमलं तर त्यावरची एन-४ करून जा. पुण्यात तर ही परीक्षाही होते आणि शिकवणाऱ्यांनाही तोटा नाही.

मराठी माणसाला इथे एक छुपा फायदा आहे. जपानी वाक्याची ठेवण आपलीच आहे. 'वाताशी वा गाक्को नि इकिमास' म्हणजे 'मी शाळेत जाते', शब्दाला शब्द, प्रत्ययाला प्रत्यय. त्यांची वर्णमाला का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा अशी जाते. हा क्रम बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमाला शिकताना तिथे नेला. परदेशी लोकांची ज्याच्यावर जीभ अडखळते तो 'त्सु' आपल्याकडे 'चुली'तल्या 'च'च्या अगदी शेजारचा. फक्त ऱ्हस्व-दीर्घाला जपा. 'ओबासान' म्हणजे काकू, 'ओबाआसान' म्हणजे आजी. मी एका शिक्षिकेच्या काकूची चौकशी करताना तिच्या आजीची केली, आणि आजी वारून दहा वर्षं झाली होती.

नाव: एक न संपणारं प्रकरण

हसू नका, पण सगळ्यात जास्त तास माझे यावर गेले. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका ओळीत असतं आणि पुष्कळदा स्वतःचं नाव नि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या ओळीत एकत्र. विमानतळावर मिळणाऱ्या निवास कार्डावर तीनही नावं जशीच्या तशी उतरतात. मग बँक, मोबाइल, विमा, गाडी, सगळीकडे तेच लागतं. जपानी फॉर्मात नावाचे चौकोन आखलेले असतात, त्यात चार-सहा अक्षरांची माणसं धरलेली. माझं नाव काताकाना लिपीत (परदेशी नावं जपानीत हिच्यातच लिहितात) लिहिल्यावर चौकोन संपून समासात गेलं. बँकेतल्या बाईंनी वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी पट्टी काढली.

यावर उपाय हा: भारतातून निघण्याआधीच आपलं नाव काताकानात कसं लिहायचं ते ठरवा, एका कार्डावर छापून घ्या आणि सगळीकडे तंतोतंत तेच लिहा. एका ठिकाणी 'व' आणि दुसरीकडे 'ब' झाला की पगार खात्यात जमा होताना अडकतो. तिकडे सहीऐवजी नावाचा शिक्का मारतात, तो बनवायचा तर लहान ठेवा, नुसतं पहिलं नाव.

बॅग भरताना

मिक्सर नेऊ नका. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची. आईने हौसेने दिलेला मिक्सर मी लावला, तो दमेकऱ्यासारखा घुरघुरला आणि खोबरं होतं तसंच राहिलं. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचं प्लग लागतं. कुकर मात्र न्या, शिट्टीचा, तीन लिटरचा, आणि दोन जादा रिंगा. तिकडे रिंग मिळत नाही. आधी घरात शेगडी गॅसची आहे की इंडक्शन हे विचारा, ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही.

गोडा मसाला, हिंग, पोहे, साबुदाणा, चिंच न्या. ताजा कढीपत्ता, फळं, बियाणं, मांसाचा कुठलाही पदार्थ नको. विमानतळावर तपासणी कडक असते. डाळी, बासमती, आटा हे सगळं जपानमध्ये ऑनलाइन मागवता येतं. कोथिंबीर 'पाकुची' नावाने महाग मिळते, तिचं बी तिथेच घ्या आणि कुंडीत लावा. साजूक तुपासाठी बिनमिठाचं लोणी आणा आणि कढवा. 'सातोइमो' म्हणजे अळकुडी. भेंडी उन्हाळ्यात मिळते आणि तिचं नावही 'ओकुरा'. गणपतीला तांदळाची पिठी हवी असेल तर 'जोशिन्को' घ्या, 'मोचिको' नव्हे. मोचिकोचे मोदक मोदकपात्रातून चमच्याने काढावे लागतात.

औषधांच्या बाबतीत मात्र गंमत नाही. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि स्यूडोएफेड्रीन असलेल्या सर्दीच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतात. तिथे प्रमाण जास्त असेल तर तो कायद्याचा भंग आहे. एडीएचडीसाठीची ॲम्फेटामाइनची औषधं चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. रोजची गोळी एक महिन्याची नेता येते, त्याहून जास्त हवी तर आधी परवानगीपत्र मागवावं लागतं. पाकिटं मूळ वेष्टनात ठेवा आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत.

चपला-बुटांचं बघा. शाळेत दारापाशी बाहेरचे बूट काढून आतले घालायचे असतात. आतल्या बुटांचा कोरा जोड न्या, पटकन चढणारा. बायकांची पावलं पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे असतील तर गावातल्या दुकानात माप मिळत नाही.

पैसे: पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना लागू शकतो. घराची अनामत, पडदे, गादी, दिवे, सगळं आधी घ्यावं लागतं. हो, दिवेसुद्धा, जुना भाडेकरू छतावरचा दिवा काढून नेतो. दोन ते तीन लाख येनची सोय करून जा. १०० येनला साधारण ५५ ते ६० रुपये धरा. गावात आपलं कार्ड सेव्हन-इलेव्हनच्या आणि पोस्टाच्या एटीएमवर चालतं.

गाडी

गावात बस दिवसातून चार वेळा येते आणि शेवटची साडेपाचला जाते. गाडीशिवाय भाजीही मिळत नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा, पण निघण्याच्या जेमतेम आधी, कारण तो काढल्यापासून एकच वर्ष चालतो. मूळ परवाना निघण्याच्या किमान तीन महिने आधीचा हवा, नाहीतर पुढे जपानी परवाना करून घेता येत नाही. जपानी परवान्यासाठी भारतीयांना लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा असतात. ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षा दहाऐवजी पन्नास प्रश्नांची झाली आहे. प्रत्यक्ष परीक्षेत पहिल्या झटक्यात पास होणारा मी एकही पाहिला नाही. मी तिसऱ्यांदा पास झाले. वळताना मागे मान वळवून बघायला विसरले की नापास, आरसा बघितला म्हणून भागत नाही. गाडी डावीकडूनच चालते, तेवढा दिलासा.

गाडी घ्यायची ती पिवळ्या पाटीची, ६६० सीसीची 'केइ'. जुनी गाडी स्वस्तात दिसली तर आधी 'शाकेन', म्हणजे सक्तीची तपासणी, कधी संपते ते विचारा. पुढच्या महिन्यात संपत असेल तर स्वस्ताई तिथेच संपली. आणि दारू एक घोटही घेतली असेल तर गाडीला हात लावायचा नाही. शेजारी बसणाऱ्यालाही शिक्षा होते आणि नोकरी जाते ती वेगळी.

थंडी

लाफ्काडिओ हर्न १८९० मध्ये शिमानेतल्या मात्सुए गावी इंग्रजी शिकवायला आला. आमच्या या धंद्यातला मूळपुरुषच म्हणायचा. गावावर त्याचा जीव जडला, लग्नही इथेच झालं, पण हिवाळा त्याला सोसला नाही आणि वर्षभराने तो दक्षिणेला कुमामोतोला गेला. मला त्याचं पहिल्या जानेवारीतच पटलं. जपानी जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, भिंती पातळ, खिडक्यांना एकेरी काच. तापमान शून्याखाली जातं तेव्हा स्वयंपाकघरात तेलाची बाटली गोठलेली सापडते. खोबरेल नव्हे, खायचं तेल.

रॉकेलची शेगडी घ्या, 'कोतात्सु', म्हणजे खालून तापणारं, पांघरूण घातलेलं बुटकं टेबल, घ्या, अंगाला चिकटून बसणारे उबदार आतले कपडे तिथेच घ्या. भारतातून स्वेटरचं ओझं नको. रॉकेलच्या शेगडीपाशी खिडकी फटभर उघडी ठेवायची. बर्फाळ भाग असेल तर नोव्हेंबरअखेरीस गाडीला बर्फात चालणारे टायर बसवून घ्या. आणि कडाक्याच्या रात्री गोठू नये म्हणून नळ्यांतलं पाणी कसं रिकामं करायचं, हे घरमालकाकडून ऑक्टोबरमध्येच शिकून घ्या. मी शिकले नव्हते. सकाळी नळ कोरडा, दुपारी भिंतीतली नळी फुटलेली.

शाळेत

पाचवी-सहावीला इंग्रजी विषय म्हणून २०२० पासून आला, वर्षाला ७० तासिका. तिसरी-चौथीला ३५, नुसती तोंडओळख. माध्यमिक शाळेत जपानी इंग्रजी शिक्षक वर्ग चालवतो आणि तुम्ही उच्चारांपुरते. प्राथमिक शाळेत वर्गशिक्षकाला इंग्रजीची धास्ती असते, तो हसत हसत सगळा तास तुमच्या हाती देतो. दोन्हींची तयारी ठेवा. आणि परीक्षेच्या काळात दिवसभर शिक्षकदालनात नुसतं बसायचीही.

पहिल्या महिन्यात स्वतःची ओळख करून देणारा एकच तास चार शाळांत वीसेक वेळा घ्यावा लागतो. त्यासाठी ताजमहालाचं चित्र नेऊ नका, ते त्यांच्या पुस्तकात असतं. तुमच्या गावचा आठवडी बाजार, एसटीचा लाल डबा, घरातली चूल किंवा गच्ची, डब्यातली पोळी-भाजी, यांचे फोटो न्या. दहा रुपयांची नाणी न्या. माझा हुकमी एक्का निराळाच होता. प्रत्येक मुलाचं नाव देवनागरीत लिहून द्यायचे. त्यांची सगळी अक्षरं आपल्या लिपीत नेमकी बसतात. शिरोरेघ ओढली की वर्गातून 'ओओ' असा आवाज यायचा. तिसरीतल्या एका पोराने ती चिठ्ठी दप्तराला लॅमिनेट करून लावली होती, वर्ष संपेपर्यंत.

शाकाहारी असाल तर गावी पोचायच्या आधी शिक्षण मंडळाला पत्राने कळवा. दुपारचं जेवण मुलांबरोबर वर्गात असतं आणि सगळ्यांना एकच. 'निकु' म्हणजे फक्त मांस. 'निकु खात नाही' म्हटलंत तर प्रेमाने मासा वाढतात. मासा नाही म्हटलंत तरी 'दाशि' असतंच, माशाच्या किसाचं पाणी, पालकाच्या भाजीतसुद्धा. मी डबा नेण्याची परवानगी उपमुख्याध्यापकांकडून घेतली. ते 'क्योतो-सेन्सेइ', शाळेचा सगळा संसार यांच्याच हातात, मुख्याध्यापकांच्या नव्हे. परवानगी मागताना 'धर्म' म्हणायचं की 'सवय' म्हणायचं यावर मी रात्रभर विचार केला होता. त्यांनी फक्त विचारलं, "मुलांनी डब्यात डोकावलं तर चालेल ना?"

संध्याकाळी निघताना 'ओसाकि नि शित्सुरेइ शिमास' म्हणायचं, म्हणजे तुमच्या आधी निघते, माफ करा. हे म्हटल्याशिवाय निघालात तर कुणी काही बोलत नाही, पण लक्षात राहतं.

पहिले चौदा दिवस

घरात राहायला लागल्यापासून १४ दिवसांत गावच्या कचेरीत, 'याकुबा'त, पत्ता नोंदवायचा. त्याशिवाय बँक नाही, सिमकार्ड नाही. तिथेच कचऱ्याचं वेळापत्रक मागून घ्या. गावाच्या ठरलेल्या पिशव्यांतच कचरा टाकायचा, वार चुकला तर पिशवी लाल चिकटपट्टीसकट तुमच्या दारात परत येते. पहिल्या वर्षी स्थानिक रहिवासी कर नसतो, दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून सुरू होतो. पगार अचानक कमी दिसला की घाबरू नका. पण आधीपासून महिन्याला थोडे बाजूला टाका. देश सोडताना पेन्शनचे काही पैसे परत मिळतात, अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा.

आणि पोचल्यावर पहिल्याच रविवारी शेजाऱ्यांकडे जाऊन या. समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंचं एकेक, अशी जुनी पद्धत आहे. हातात काहीतरी छोटं, मी चिक्की नेली होती. शेजारच्या आजींनी पुडा दोन्ही हातांनी घेतला, वाकल्या आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, झालं, नावडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला हातभर मुळा, पाल्यासकट, आणि सोबत एक डबा, लोणच्याचा. रिकामा डबा परत करायचा नाही, ही रीत तिकडेही आहे. मी पाल्याची डाळ घालून भाजी केली, हिंग कमी टाकला आणि डबा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. आजींनी झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "पाला? पाला खाता तुम्ही?" पुढच्या हंगामात त्या मला मुळ्यापेक्षा पालाच जास्त द्यायला लागल्या.